अर्ध्यावरच्या कामाची चिठ्ठी

दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते कड्यावरच्या गणपतीमुळे. डोंगरावरील त्या देवळापासून खाली पाहिले, की माडांत दडलेली वस्ती, पलीकडे समुद्र आणि हर्णैच्या अंगाला जोग नदीची खाडी असे दृश्य दिसते. खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हा हर्णैकडून येणाऱ्याला होडीची वाट पाहावी लागे. या आंजर्ल्याला लागूनच मुर्डी नावाचे गाव आहे. तेथे १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. पुढे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते जॉर्ज बर्टविसल यांच्यासह विभागून पहिले आले आणि सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले. तेव्हापासून रँग्लर हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला तो कायमचाच. परीक्षा केंब्रिजची, पदवी इंग्रजांची. पण मराठी घरांत अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला ती ऐकवली जाई.

केंब्रिजने गुणानुक्रम जाहीर करण्याची ही पद्धत १९०९ नंतर बंद केली. रँग्लर ही उपाधी मात्र प्रथम वर्गात येणाऱ्यांसाठी चालू राहिली. परांजपे यांच्यानंतर ३५ वर्षांनी, १९३४ साली, याच परीक्षेत विशेष प्रावीण्यासह रँग्लर झालेला एक तरुण होता. त्याचे नाव ॲलन मॅथिसन ट्युरिंग. त्याला ज्या प्रश्नाने जगप्रसिद्ध केले, तो प्रश्न त्याच्यापुढे मांडणारे प्राध्यापक मॅक्स न्यूमन हे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो होते. मुर्डीचे रघुनाथराव शिकले ते याच कॉलेजात, आणि पुढे त्याचे फेलोही झाले.

ट्युरिंग यांचे नाव आज घेतले जाते ते संगणकशास्त्राचे जनक म्हणून आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची गुप्त लिपी फोडणारे गणिती म्हणून. या दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यभराच्या विचारांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो, आणि त्याकडे तितकेसे लक्ष जात नाही. चालू असलेले काम मध्येच थांबले, तर ते नेमके त्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू करण्यासाठी काय काय जपून ठेवावे लागते? आजच्या संगणकाचा फार मोठा कारभार या प्रश्नाच्या उत्तरावर चालतो.

हिंदुस्थानातील नोकरी, विलायतेतील मुले

ट्युरिंग यांचे वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी होते. आई एथेल सेरा यांचा जन्म तर कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंते होते. ॲलनचा थोरला भाऊ जॉन १९०८ साली कुन्नूरला जन्मला. ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला तो केवळ आईवडील त्या वेळी रजेवर तिकडे गेले होते म्हणून. रजा संपताच वडील परतले. ॲलन दीड वर्षाचाही झाला नव्हता, तोच आईही हिंदुस्थानात परतली. इकडची हवा मुलांना मानवणार नाही, या तेव्हाच्या समजुतीने दोन्ही मुलांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या कुटुंबात ठेवण्यात आले.

कोकणातील वाचकांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. बाप मुंबईला, मुले गावाकडे आणि दोघांमध्ये टपाल, हा कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बाबतीत अंतर तेवढे अधिक, आणि भेटी वर्षावर्षांनी. ॲलन एकलकोंडा, अव्यवस्थित आणि विलक्षण चौकस निघाला. १९२६ साली शेरबोर्न येथील शाळेत तो दाखल होणार त्याच दिवसांत देशभर सार्वत्रिक संप झाला व आगगाड्या थांबल्या. तेव्हा तेरा वर्षांचा हा मुलगा साउदॅम्प्टनपासून सुमारे ६० मैलांची वाट सायकलने तुडवून शाळेत हजर झाला.

त्या शाळेत त्याला ख्रिस्टोफर मॉरकॉम हा वर्षभराने पुढे असलेला मित्र लाभला. गणित, रसायन आणि आकाशातील ग्रहतारे हे दोघांचे समान वेड. डिसेंबर १९२९ मध्ये दोघे केंब्रिजची शिष्यवृत्ती परीक्षा द्यायला बरोबर गेले. ख्रिस्टोफरला ट्रिनिटी कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, ॲलनला त्या खेपेस मिळाली नाही. पुढच्याच फेब्रुवारीत, १३ तारखेला, ख्रिस्टोफर क्षयाने गेला. दुधातून लहानपणीच शरीरात शिरलेला तो रोग होता.

या मृत्यूने ॲलन मुळापासून हादरला. ख्रिस्टोफरच्या आईशी त्याचा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. मनुष्य जातो तेव्हा त्याच्या मनात जे काही होते त्याचे काय होते, ते शरीराला कसे बांधलेले असते, आणि शरीरावेगळे ते टिकू शकेल काय, यावर त्याने त्या माउलीसाठी एक टिपणही लिहिले. त्यातील उत्तर एका शोकाकुल तरुणाचे होते. पुढे त्यांनी ते धरून ठेवले नाही. प्रश्न मात्र राहिला. मनातील स्थिती मनाबाहेर मांडता येते का? १९३१ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले, ते हा प्रश्न बरोबर घेऊनच.

हातचा कोठे असतो?

पदवीनंतर वर्षभरातच, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ट्युरिंग किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. १९३५ च्या वसंतात त्यांनी न्यूमन यांची व्याख्याने ऐकली. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी विचारलेला एक प्रश्न तेव्हा अनुत्तरित होता. कोणतेही गणिती विधान पुढे ठेवले असता ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरावीक यांत्रिक कृतीने सांगणारी एखादी रीत अस्तित्वात आहे काय? उत्तर द्यायचे तर आधी यांत्रिक कृती म्हणजे काय, हे काटेकोरपणे ठरवणे भाग होते. ट्युरिंग यांनी त्यासाठी यंत्राकडे पाहिले नाही. कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करीत बसलेल्या माणसाकडे पाहिले. इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा अशा माणसालाच लावला जाई. आपण त्याला गणक म्हणू.

समजा, आंजर्ल्याच्या बाजारातील एखादा वाणी दिवसाची बेरीज करतो आहे. ४७, ३८ आणि ५६. एककांची बेरीज झाली २१. त्याने खाली १ मांडला आणि हातचे २ मनात धरले. इतक्यात खाडीवर होडी लागल्याची हाक आली आणि तो माल उतरवून घेण्यासाठी उठून गेला. तासाभराने परतला तेव्हा वही जशीच्या तशी होती. तीन संख्या होत्या, खाली १ होता. पण हातचे दोन वहीत नव्हते, ते मनात होते. ते विसरले तर दशकांची बेरीज बाराच भरणार आणि १४१ ऐवजी उत्तर येणार १२१. उठण्यापूर्वी त्याने एका चिठ्ठीवर एवढेच खरडले असते, की एकक झाले, हातचे दोन, आता दशक घ्यावे, तर कितीही वेळाने आणि कोणीही येऊन ती बेरीज बिनचूक पुरी केली असती. ते काम वाण्याच्या पोरालाही करता आले असते.

१९३६ साली लिहिलेल्या आपल्या निबंधात ट्युरिंग यांनी नेमका हाच विचार मांडला. गणकाच्या मनाची स्थिती हा शब्दप्रयोग त्यांनी आधी वापरला होता. पण मनाच्या स्थितीवर सिद्धता उभी करणे कोणाला मान्य होईल, अशी शंका त्यांना असावी. म्हणून त्यांनी पर्यायी मार्ग दाखवला. गणक वाटेल तेव्हा काम सोडून जाऊ शकतो, सारे विसरू शकतो आणि पुन्हा येऊन काम पुढे नेऊ शकतो. अट इतकीच, की जाताना त्याने पुढे काय करायचे याची चिठ्ठी ठेवली पाहिजे. मग त्यांनी ही कल्पना टोकाला नेली. हा गणक इतका चंचल आहे, की एका बैठकीत तो एकच पायरी उरकतो आणि पुढील पायरीची चिठ्ठी लिहून निघून जातो. अशा वेळी काम कोठवर आले हे पूर्णपणे दोनच गोष्टींवरून ठरते: ती चिठ्ठी आणि कागदावर आतापर्यंत उमटलेली चिन्हे. मनात काहीच उरत नाही. आणि मनात काही उरत नसेल, तर माणसाच्या जागी यंत्र बसवायला हरकत कोणती?

हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. अशी सर्वसमावेशक रीत असूच शकत नाही, हे ट्युरिंग यांनी सिद्ध केले. अमेरिकेत अलोन्झो चर्च हे वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला थोडे आधी पोहोचले होते. परंतु ट्युरिंग यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. एका यंत्राचे वर्णन कागदी पट्टीवर लिहून दुसऱ्या यंत्राला दिले, तर हे दुसरे यंत्र ते वर्णन वाचत वाचत पहिल्यासारखे हुबेहूब वागू शकते. अशा यंत्राला त्यांनी वैश्विक यंत्र म्हटले. येथे पहिले यंत्र लोखंडाचे नसतेच. त्याची प्रत्येक क्षणाची अवस्था, म्हणजे चिठ्ठीसुद्धा, दुसऱ्याच्या पट्टीवर चिन्हांच्या रूपाने लिहिलेली असते. आज ज्याला आपण व्हर्च्युअल मशीन किंवा आभासी यंत्र म्हणतो, त्याचा मूळपुरुष हाच.

पुरणे आणि उकरणे

१९३६ ते १९३८ ही वर्षे ट्युरिंग अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. चर्च यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि युद्ध जाहीर होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्लेचली पार्कच्या गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन आरमाराच्या एनिग्मा यंत्रावरील संदेश उलगडणे हे तेथे त्यांच्या गटाचे काम होते. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाच्या आधारे त्यांनी बॉम्ब नावाचे यंत्र आखले, गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोलाची सुधारणा केली आणि पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये बसले. ही कामगिरी पुढे सुमारे तीन दशके सरकारी गुपित राहिली. स्वतः ट्युरिंग यांना ती हयातीत कोणाला सांगता आली नाही.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑक्टोबरात ते लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आले. काही महिन्यांतच त्यांनी ए.सी.ई. या संगणकाचा तपशीलवार आराखडा लिहून काढला. त्यात दहा वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी पुन्हा भेटते.

मोठे काम करताना मध्येच एखादे उपकाम करावे लागते. वर्गमूळ काढणे हे असे उपकाम. ते एकदाच लिहून ठेवावे आणि लागेल तेथून वापरावे, हे सोयीचे. अडचण अशी, की उपकाम संपल्यावर परत जायचे कोठे? ते तर वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलावले जाते. ट्युरिंग यांनी उपाय सुचवला तो असा. मुख्य काम जेथे सोडले त्या जागेची नोंद करावी, मग उपकामाकडे वळावे आणि ते संपले की नोंद पाहून मूळ जागी यावे. उपकामाच्या पोटात आणखी एक उपकाम निघाले तर आणखी एक नोंद. सर्वांत शेवटी केलेली नोंद सर्वांत आधी काढायची. नोंद ठेवण्याच्या क्रियेला त्यांनी पुरणे आणि ती परत काढण्याच्या क्रियेला उकरणे अशा अर्थाची इंग्रजी नावे दिली. पंगतीच्या ताटांची चळत जशी वरून रचतात आणि वरूनच उचलतात, तशी ही नोंदींची चळत. संगणकाच्या भाषेत तिला स्टॅक म्हणतात. आजचा बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅम पावलोपावली तिचा आधार घेतो.

प्रयोगशाळेतील दिरंगाईला कंटाळून ट्युरिंग तेथून बाहेर पडले. त्यांच्या आराखड्याची लहान आवृत्ती १९५० च्या मे महिन्यात चालू झाली, तेव्हा ते मँचेस्टर विद्यापीठात होते. न्यूमन यांनीच त्यांना तेथे बोलावून घेतले होते.

शिष्य नव्हे, पण वारस

१९५१ साली मँचेस्टरच्या संगणकावर हॅरो शाळेतील एक शिक्षक येऊन दाखल झाला. क्रिस्टोफर स्ट्रेची त्याचे नाव. किंग्ज कॉलेजात शिकताना त्याची ट्युरिंग यांच्याशी ओळख झाली होती. ट्युरिंग यांनी लिहिलेली माहितीपुस्तिका वाचून त्याने सोंगट्यांचा ड्राफ्ट्स हा खेळ खेळणारा प्रोग्रॅम रचला. त्या काळाच्या मानाने तो प्रचंड लांबीचा होता. हेच स्ट्रेची पुढे ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंगच्या संशोधन गटाचे प्रमुख झाले. प्रोग्रॅमचा अर्थ गणिताच्या काटेकोर भाषेत कसा सांगावा, हा त्यांचा ध्यास होता. त्यात एक अवघड जागा होती. प्रोग्रॅम सरळ चालत असेल तर ठीक; तो मध्येच भलत्या ठिकाणी उडी मारत असेल, तर त्याचा अर्थ सांगायचा कसा?

१९६४ साली नेदरलँड्सचे आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी व्हिएन्नाजवळ झालेल्या परिषदेत या वाटेवरचे पहिले पाऊल टाकले. स्ट्रेची यांचे एकेकाळचे सहायक पीटर लँडिन यांनी त्याच सुमारास अशी एक काल्पनिक यंत्ररचना मांडली, जिच्यात अर्धवट कामांच्या नोंदी एका कप्प्यात साचवल्या जात. आणि स्ट्रेची व ख्रिस्टोफर वड्सवर्थ यांनी १९७४ च्या निबंधात या कल्पनेला जे नाव दिले, ते रूढ झाले: कंटिन्युएशन, म्हणजे उरलेले काम. प्रोग्रॅमच्या कोणत्याही क्षणी, येथून पुढे शेवटापर्यंत जे काही व्हायचे आहे त्या सगळ्याला एक वस्तू मानायचे, तिला नाव द्यायचे आणि हवी तेव्हा हाती घ्यायची.

आता आपल्या वाण्याकडे परत येऊ. बेरीज चालू असताना पोराने तांदळाचा भाव विचारला. तो काढायला दुसरी वही उघडावी लागली. तिच्यातील हिशेब लावताना मापाचे कोष्टक पाहावे लागले. तीन कामे अर्धवट, म्हणून तीन चिठ्ठ्या एकावर एक. कंटिन्युएशन पकडणे म्हणजे या चळतीची जशीच्या तशी प्रत काढून फडताळात ठेवणे, आणि सोबत बोट कोणत्या ओळीवर होते तेही लिहून ठेवणे. ती पुन्हा चालू करणे म्हणजे सध्याची चळत बाजूला सारून फडताळातील चळत मांडणे आणि सर्वांत वरची चिठ्ठी वाचून कामाला लागणे. काम करणाऱ्याला मध्ये काही काळ गेल्याची जाणीवही होत नाही.

खऱ्या लोखंडी यंत्रात या नोंदी ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. त्या गोळा करणे जिकिरीचे. आभासी यंत्रात मात्र सारे यंत्रच माहितीच्या रूपाने लिहिलेले असते. कोणत्या आज्ञेवर आहोत, चळतीत काय आहे, प्रत्येक चिठ्ठीवर कोणते हातचे आहेत, हे सगळे ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाताशी असते. १९३६ च्या वैश्विक यंत्रात पट्टीवर जे लिहिलेले होते, तेच हे. त्यामुळे येथे अवस्था पकडणे म्हणजे माहितीची नक्कल करणे, आणि परत आणणे म्हणजे ती नक्कल जागी ठेवणे.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपण तिकीट काढताना किंवा बिल भरताना पलीकडचा प्रोग्रॅम बँकेच्या उत्तराची वाट पाहत थांबतो. अशी लाखो माणसे एकाच वेळी असतात. प्रत्येकासाठी एक कामकरी नुसता ताटकळत ठेवला, तर कोणतेही यंत्र कोलमडेल. म्हणून थांबायची वेळ आली, की त्या कामाची चळत उचलून बाजूला ठेवतात, कामकऱ्याला दुसरे काम देतात आणि उत्तर आले की चळत पुन्हा मांडतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या जावा भाषेच्या आभासी यंत्रात २०२३ साली याच पद्धतीचे हलके धागे अधिकृतपणे दाखल झाले.

मात्र या चिठ्ठीला मर्यादा आहेत. ती नियंत्रणाची स्थिती जपते, जगाची नव्हे. वाणी बाहेर असताना कोणी वहीतील ४७ खोडून ७४ केले, तर चिठ्ठी काही बोलणार नाही. बेरीज बदललेल्या आकड्यांचीच होईल. एकच चिठ्ठी दोनदा चालवली आणि तिच्यात पैसे धाडण्याची आज्ञा असली, तर पैसे दोनदा जातील. छापलेला कागद कोरा होत नाही. प्रोग्रॅम मागच्या क्षणी नेता येतो, पण बाहेर जे घडून गेले ते मागे येत नाही.

जे मागे आले नाही

१९५२ च्या जानेवारीत ट्युरिंग यांच्या मँचेस्टरजवळच्या घरी चोरी झाली. तक्रार घेऊन ते स्वतःच पोलिसांकडे गेले. तपासात त्यांचे एका तरुणाशी असलेले संबंध उघड झाले आणि फिर्यादीचा आरोपी झाला. इंग्लंडमध्ये १८८५ पासून पुरुषांमधील असे संबंध हा गुन्हा होता. ट्युरिंग यांनी काही लपवले नाही. ३१ मार्च १९५२ रोजी ते दोषी ठरले. तुरुंगाऐवजी त्यांना वर्षभर स्त्रीसंप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. युद्धानंतरही चालू असलेले गुप्तलिपीचे सरकारी काम बंद झाले. आदल्याच वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झालेला हा माणूस आता देशाला धोकादायक वाटू लागला.

काम त्यांनी थांबवले नाही. त्या वर्षी त्यांचा जीवशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके आणि पट्टे कसे उमटत असावेत, हे त्यात रसायनांच्या समीकरणांनी समजावले होते. पुढचा टप्पा वनस्पतींचा होता. सूर्यफुलातील बिया आणि झाडांच्या फांद्यांवरील पाने यांच्या वळणांत एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी फिबोनाची मालिका का दिसते, याचा ते मँचेस्टरच्या संगणकावर शोध घेत होते. ७ जून १९५४ रोजी त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी ते बिछान्यात मृत आढळले. जवळ अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. सायनाइडने आत्महत्या, असा चौकशीचा निर्णय झाला. आईला तो कधीच पटला नाही. प्रयोगातील निष्काळजीपणाने घडलेला तो अपघात होता, असे त्या अखेरपर्यंत मानीत राहिल्या. ट्युरिंग यांचे वय होते ४१ वर्षे.

त्यांच्याहून ३६ वर्षांनी वडील असलेले मुर्डीचे रँग्लर परांजपे तेव्हा हयात होते. विलायतेतील मान मिळवून ते परतले, गोखल्यांच्या निवृत्तीनंतर १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे मंत्री, कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियात हायकमिशनर झाले. १९६६ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांनी जगाचा निरोप घेतला. योजलेली कामे पुरी करायला त्यांना अवधी मिळाला.

ब्रिटिश सरकारने २००९ साली ट्युरिंग यांना दिलेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. २०१३ च्या डिसेंबरात राणीच्या सहीने त्यांचा गुन्हा माफ झाला, आणि २०१७ मध्ये तशाच शिक्षा झालेल्या इतर हजारो जणांसाठी कायदा झाला. २०२१ पासून पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. आपल्याकडे इंग्रजांनीच १८६० साली दंडसंहितेत घातलेल्या ३७७ व्या कलमाखाली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांनाही गुन्हा मानले जाई. ते रद्दबातल ठरायला ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. या सगळ्याने नोंदी दुरुस्त झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण १९५२ नंतरची वर्षे कोणाला परत देता आली नाहीत.

वनस्पतींवरील त्यांची टिपणे मागे राहिली. त्यांत समीकरणे आहेत, आकृत्या आहेत, संगणकाने छापलेले आकडे आहेत. अभ्यासक ती कित्येक वर्षे वाचीत आले. कोठवर पोहोचले होते आणि पुढची पायरी कोणती, हे सर्वत्र लागत नाही. हजारो पाने सोडवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या शेवटच्या कामातील हातचा मनातच ठेवला होता. २०१२ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त मँचेस्टरच्या पुढाकाराने ठिकठिकाणच्या नागरिकांनी आपापल्या अंगणात सूर्यफुले लावली आणि फुले पिकल्यावर त्यांतील बियांची वळणे मोजली. त्या मोजणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक फुलांत फिबोनाचीच्या संख्या सापडल्या, काहींत मात्र सापडल्या नाहीत. त्या का सापडल्या नाहीत, यावर काम अजून चालू आहे.